रुग्णाच्या ताटातला इतिहास

व्हिएन्ना येथील विख्यात शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी थेरेसे हेलर नावाच्या स्त्रीच्या जठराचा कर्करोगाने ग्रासलेला भाग कापून काढला आणि उरलेले जठर आतड्याला जोडले. तत्पूर्वी अन्य शल्यवैद्यांनी हाच प्रयत्न केला होता. परंतु त्यांचे रुग्ण वाचले नव्हते. थेरेसे वाचली. ती ४३ वर्षांची, आठ मुलांची आई होती. जठराची पुढची वाट गाठीने जवळजवळ बंद झाल्यामुळे खाल्लेले सारे उलटून पडे. आंबलेल्या दुधाखेरीज पोटात काही ठरत नसे. शस्त्रक्रियेनंतर तिचे खाणेपिणे हळूहळू सुरू झाले आणि ती घरी परतली. पुढे सुमारे चार महिन्यांनी रोग पोटात पसरून तिचा अंत झाला.

वैद्यकाच्या ग्रंथांत ही घटना बिलरोथ यांच्या हस्तकौशल्याचा विक्रम म्हणून नोंदलेली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु थेरेसेच्या घरच्यांच्या बाजूने पाहिले तर त्या शस्त्रक्रियेने तिला नेमके काय दिले? रोगमुक्ती दिली नाही. थोडे महिने दिले, आणि त्या महिन्यांत तोंडात घातलेला घास पोटात राहील एवढी सोय दिली. एका भुकेल्या बाईच्या लेखी ही देणगी लहान नव्हती.

कर्करोगावरील उपचारांचा इतिहास सामान्यतः सुरी, किरण आणि औषध यांच्या पराक्रमाची गाथा म्हणून सांगितला जातो. त्या गाथेच्या आत दुसरा एक इतिहास दडलेला आहे, तो रुग्णाच्या खाण्यापिण्याचा. मोठ्या शोधांच्या तारखा आपण पाठ करतो; पण त्या शोधांनी बरे होणारा माणूस जेवत कसा होता, त्याच्या तोंडाला चव होती की नव्हती, त्याच्या उशाशी पेजेची वाटी घेऊन बसलेल्या माणसाला काय करावे हे कोणी सांगितले की नाही, याची नोंद फार उशिरा होऊ लागली. आज आपल्या धर्मग्रामांत क्वचितच असे एखादे कुटुंब असेल की ज्याच्या नात्यागोत्यात हा रोग येऊन गेला नाही. अशा घरांत सर्वांत जास्त वाद, रुसवे आणि अश्रू औषधांवरून होत नाहीत. ते जेवणावरून होतात. म्हणून हा दडलेला इतिहास थोडा उलगडून पाहावा असे आम्हांस वाटले.

बंद वाटेवरचे उपाय

अन्ननलिका किंवा घसा बंद झाला तर माणसाला खाऊ कसे घालावे, हा प्रश्न कर्करोगाच्या उपचारांहून जुना आहे. १७९० साली लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांनी गिळण्याची शक्ती गेलेल्या एका रुग्णाला वाम माशाच्या कातडीची नळी वापरून घशाखाली अन्न पोहोचवले होते. समुद्रकाठच्या वाचकांना या युक्तीचे कौतुक वाटेल. पुढे १८४९ साली स्ट्रासबर्ग येथे सेदियो यांनी पोटाच्या भिंतीतून थेट जठरात वाट काढली. पण तो रुग्ण वाचला नाही. या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण काही काळ जगल्याचे पहिले उदाहरण घडायला १८७५ साल उजाडावे लागले.

त्यानंतर शंभरएक वर्षे ही वाट काढायची म्हणजे पोट उघडायचे, असेच समीकरण होते. १९७९ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे गॉडरर आणि पॉन्स्की या दोघा डॉक्टरांनी दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न उघडता, जठरात नळी बसवण्याची रीत शोधली आणि पुढच्या वर्षी ती प्रसिद्ध केली. आज घशाच्या वा अन्ननलिकेच्या कर्करोगात पोटावर जी नळी बसवलेली दिसते, ती बहुधा याच रीतीने बसवलेली असते. आपल्याकडे अजूनही 'नळी बसवली' म्हणजे 'आता काही खरे नाही' अशी समजूत आहे. वस्तुस्थिती अशी की पुष्कळ रुग्णांना ही नळी किंवा नाकातून घातलेली बारीक नळी केवळ उपचारांचे कठीण आठवडे पार पडावेत म्हणून दिलेली असते, आणि गिळणे सुधारल्यावर ती काढून टाकतात. ज्याचे वजन टिकते, त्याचा उपचार मध्येच थांबवावा लागण्याची शक्यता कमी होते.

मुंबई आणि मुखाचा रोग

आपल्या भागाच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पाठोपाठ १९३२ मध्ये सर दोराबजी टाटा गेले. त्यांच्या नावाच्या न्यासाने परळ येथे उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे काम करणारे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू खाण्याचा आणि तोंडाच्या कर्करोगाचा संबंध अभ्यासला. परदेशांत इतर अवयवांचे कर्करोग अधिक दिसत. आपल्याकडे तंबाखू, सुपारी आणि पुढे गुटख्यामुळे रोगाने नेमका मुखावरच घाला घातला. म्हणजे ज्या दारातून अन्न आत जायचे, तेच दार रोगाने अडवले. सुपारीमुळे ज्यांचे तोंडच नीट उघडत नाही, त्यांची अडचण तर दुहेरी.

त्यात किरणोपचारांची भर पडली. राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि १८९८ मध्ये मेरी व पिएर क्युरी यांना रेडियम सापडले. थोड्याच वर्षांत दोहोंचा उपयोग कर्करोगाच्या गाठींवर होऊ लागला. किरण गाठ जाळतात. पण वाटेत येणाऱ्या लाळेच्या ग्रंथीही कोरड्या पाडतात. लाळ ही वस्तू असेपर्यंत तिची किंमत कोणाला कळत नाही. ती आटली की भाकरीचा तुकडा तोंडात वाळूसारखा फिरतो, चव समजत नाही, दात किडतात आणि रात्री पाण्यासाठी पुनःपुन्हा उठावे लागते. कित्येक दशके हा त्रास बरे होण्याची किंमत म्हणून रुग्णाने मुकाट्याने सोसावा, अशीच अपेक्षा असे. किरणांचा झोत संगणकाच्या मदतीने आकार देऊन कानाजवळच्या लाळग्रंथी वाचवता येतात, आणि त्यामुळे तोंड कोरडे पडण्याचे प्रमाण कमी होते, हे ब्रिटनमधील एका तुलनात्मक चाचणीने २०११ साली दाखवून दिले. रेडियमच्या शोधानंतर एकशे तेरा वर्षांनी!

त्यामुळे आज कोणाला तोंडावर वा घशावर 'लाइट' घ्यावा लागणार असेल, तर घरच्यांनी आरंभीच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. दातांची तपासणी उपचारांपूर्वी करायची का? तोंड उघडण्याचे व्यायाम कोणते? गिळण्याचे शिक्षण देणारे तज्ज्ञ रुग्णालयात आहेत का? जबडा आखडल्यावर व्यायाम सुरू करण्यापेक्षा तो मोकळा असतानाच सुरू केलेला बरा. लाकडी चमच्यांची चवड दातांमध्ये धरून तोंड थोडे थोडे उघडण्याचा साधा व्यायाम रुग्णालयांत शिकवतात. त्याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

औषध आणि ओकारी

रसायनोपचारांची, म्हणजे केमोथेरपीची कथाही घशापासूनच सुरू होते. १९४२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड हे औषध शिरेतून देण्यात आले. त्याच्या मानेतील व जबड्याखालील गाठी एवढ्या वाढल्या होत्या की त्याला गिळणेही जड जात होते. औषधाने गाठी वितळल्या आणि काही दिवसांतच तो पुन्हा नीट खाऊ शकला. गुण टिकला नाही, तो त्याच वर्षअखेर दगावला. परंतु औषधाने कर्करोगाची गाठ विरघळते हे सिद्ध झाले.

नंतर १९४८ साली बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना ॲमिनॉप्टेरिन देऊन रोगाला तात्पुरती माघार घ्यायला लावल्याचे प्रसिद्ध केले. हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तेथील संशोधनाचे सूत्रधार आंध्र प्रदेशातील भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. तरुणपणी त्यांना स्प्रू नावाचा आतड्यांचा विकार जडला होता, ज्यात खाल्लेले अंगी लागत नाही. त्याच विकारावर उपयुक्त ठरणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या अभ्यासातून पुढे ॲमिनॉप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट ही कर्करोगविरोधी औषधे निघाली. ही औषधे पेशींची वाढ रोखतात. तोंडाच्या आतले व आतड्याचे अस्तर तर सतत नव्याने वाढत असते, म्हणून त्यालाही फटका बसतो: तोंड सोलवटते, जुलाब होतात. गाठीवर चाललेले औषध ओठांवर का उमटते, असे घाबरून विचारणाऱ्या नातेवाइकांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असावे. तोंड येणे म्हणजे 'उष्णता' नव्हे आणि रोग तोंडात आल्याचे लक्षणही नव्हे. ते औषधाच्याच कामाचे दुसरे टोक आहे.

ओकारीचा प्रश्न सिसप्लॅटिन या औषधाने ऐरणीवर आणला. बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ साली प्लॅटिनमच्या संयुगांचा पेशींवर होणारा परिणाम योगायोगाने आढळला आणि १९७८ साली अमेरिकेत सिसप्लॅटिनला परवानगी मिळाली. काही कर्करोगांत त्याने नवलाईचा गुण दिला. परंतु त्याने होणाऱ्या ओकाऱ्या इतक्या भयंकर असत की गुण येत असूनही रुग्ण पुढची मात्रा नाकारत. १९८१ साली न्यूयॉर्कच्या डॉ. रिचर्ड ग्रॅल्ला व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेटोक्लोप्रमाइड हे जुने औषध मोठ्या मात्रेत देऊन ओकाऱ्या पुष्कळ कमी होतात असे दाखवले.

याच सुमारास एक साधी, पण आमच्या मते फार मोठी गोष्ट घडली. ऑस्ट्रेलियातील डॉ. ॲलन कोट्स व सहकाऱ्यांनी रुग्णांपुढे त्रासांच्या यादीची कार्डे ठेवली आणि 'तुम्हांला सर्वांत जास्त काय छळते?' असे त्यांनाच विचारले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिला क्रमांक ओकारीचा लागला, दुसरा मळमळीचा. रुग्णांनी दिलेले हे उत्तर म्हणजे संशोधकांना मिळालेली दिशाच होती. आतड्यातून निघणारे सेरोटोनिन ओकारीचा निरोप मेंदूकडे पोहोचवते हे कळल्यावर तो निरोप अडवणारे ऑन्डॅनसेट्रॉन तयार झाले आणि १९९० व १९९१ च्या सुमारास ब्रिटन-अमेरिकेत वापरात आले. २००३ साली ॲप्रेपिटंट आले. पुढे ओलान्झापिन हे मूळचे मनोविकारांवरील औषधही मळमळीवर गुणकारी ठरले. मात्र त्याने रुग्णाला फार झोप येते. त्याची एकचतुर्थांश मात्रा, म्हणजे २.५ मिलिग्रॅम, ओकारी रोखण्यास पुरेशी ठरते आणि गुंगी कमी येते, हे आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील चाचणीने २०२४ साली जगापुढे मांडले.

सगळेच उपाय महागडे असतात असे नाही. फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल हे इंजेक्शन देताना अर्धा तास तोंडात बर्फाचे खडे धरले, तर तोंडातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध तेथे कमी पोहोचते आणि तोंड कमी येते, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत आढळले. अर्थात हा उपाय सर्व औषधांना लागू पडत नाही. म्हणून आपल्या रुग्णासाठी तो योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारूनच करावा.

आवडता पदार्थ आणि नावडता दिवस

प्रेमापोटी आपण काय करतो? औषधाच्या दिवशी रुग्णाला त्याच्या सर्वांत आवडीचा पदार्थ करून घालतो. याबाबतीत १९७८ सालचा एक प्रयोग डोळे उघडणारा आहे. अमेरिकेतील सिॲटल येथील मानसशास्त्रज्ञ आयलीन बर्नस्टीन यांनी केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना औषधापूर्वी एका अनोळखी चवीचे आइस्क्रीम दिले. नंतर ती मुले त्या आइस्क्रीमपासून दूर राहू लागली. ओकारी औषधामुळे झाली हे मुलाला समजत असले, तरी शरीर दोष त्या चवीलाच देते. तेव्हा ज्या बोंबलाच्या कालवणावर किंवा ज्या खिरीवर रुग्णाचा जीव आहे, ते औषधाच्या दिवशी मुद्दाम करू नये. मधल्या चांगल्या दिवसांसाठी राखून ठेवावे. त्या दिवशी मऊ भात, पेज, बिस्किट असे साधे, कमी वासाचे अन्न बरे.

खाऊ घालण्याचा आपला आग्रह आणखी एका ठिकाणी हरतो, आणि तेथेच घरोघरी सर्वाधिक दुःख साचते. १९८० साली डीवाइस आणि सहकाऱ्यांनी तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवले की उपचारांपूर्वीच ज्यांचे वजन घटलेले असते, ते कमी काळ जगतात. यावरून साहजिकच वाटले की भरपूर अन्न दिले की झाले. त्याआधी, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, फिलाडेल्फियाचे स्टॅन्ली डड्रिक यांनी संपूर्ण आहार शिरेतून देण्याची पद्धत यशस्वी केली होती. तिने आतडे निकामी झालेल्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. परंतु केमोथेरपी घेणाऱ्या सरसकट सर्व रुग्णांना ती दिली, तेव्हा आयुष्य वाढले नाही, उलट जंतुसंसर्ग वाढले. १९८९ साली अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने असा सरसकट वापर करू नये, असे मत दिले.

असे का व्हावे? कारण कर्करोगातील खंगणे ही साध्या उपासमारीहून वेगळी गोष्ट आहे. शरीरात अशी द्रव्ये निर्माण होतात की जी भूकही मारतात आणि स्नायूही झिजवतात. २०११ साली जगभरच्या तज्ज्ञांनी या अवस्थेची जी व्याख्या ठरवली, तिच्यात नुसत्या आहाराने ती पूर्णपणे उलटवता येत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. हे वाक्य प्रत्येक घरात वाचून दाखवण्याजोगे आहे. 'चार घास जास्त खाल्ले असते तर आई वाचली असती' ही बोचणी मनात घेऊन वर्षानुवर्षे जगणारी माणसे आमच्या परिचयाची आहेत. त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. 'खात नाही, म्हणजे जगायची इच्छाच नाही' असे रुग्णाच्या तोंडावर बोलणेही तितकेच अन्यायाचे आहे.

मात्र याचा अर्थ हात बांधून बसावे असा नव्हे. खाणे कमी होण्याची सुधारता येण्याजोगी कारणे पुष्कळ असतात: तोंडातील बुरशी, बद्धकोष्ठ, न आवरलेली वेदना, मळमळ, उदासीनता, दातांची बोच. या प्रत्येकावर उपाय आहेत. कित्येकदा घरातले सगळे भुकेचे टॉनिक शोधत असतात, आणि खरे कारण वेदनेच्या औषधामुळे चार दिवस साफ न झालेल्या पोटात असते.

उशाशी बसणारे

ही सूक्ष्म कारणे शोधण्याची दृष्टी वैद्यकाला मोठ्या प्रमाणात रुग्णांच्या उशाशी बसणाऱ्यांकडून मिळाली, आणि त्या परंपरेत धर्मभगिनींचे व श्रद्धावंत स्त्रियांचे स्थान आहे. फ्रान्समधील लिओं येथे १८४२ साली जान गार्निए या तरुण विधवेने इतर विधवांना एकत्र करून असाध्य कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या सेवेचा संघ स्थापिला. न्यूयॉर्कमध्ये कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची धाकटी कन्या रोझ हिने १८९६ साली गरीब वस्तीत भाड्याच्या खोल्या घेऊन कर्करोग्यांची शुश्रूषा सुरू केली. हा रोग संसर्गजन्य आहे, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती आणि गरीब रुग्णाला कोणी थारा देत नसे. रोझने पुढे १९०० साली डॉमिनिकन धर्मभगिनींचा एक संघ स्थापन केला. तो रुग्णांकडून मोबदला घेत नाही.

लंडनमधील सेंट जोसेफ आश्रम आयरिश धर्मभगिनींनी १९०५ साली सुरू केला होता. तेथे १९५८ पासून डॉ. सिसिली साँडर्स यांनी काम केले. वेदना उसळून येण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने तोंडावाटे मॉर्फिन देण्याच्या पद्धतीचा त्यांनी तेथे शास्त्रशुद्ध अभ्यास केला. धर्मभगिनींची शुश्रूषा आणि डॉक्टरांची नोंदवही तेथे एकत्र आली. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर ही संस्था उभारली आणि जगभर उपशामक सेवेची चळवळ पसरली. भारतातील अशी पहिली संस्था १९८६ साली मुंबईत, वांद्र्याच्या मोत माउलीच्या परिसरात निघाली: कर्करोग शल्यविशारद डॉ. लुईस जोस डिसोझा यांनी स्थापिलेले 'शांती आवेदना सदन'. होली क्रॉसच्या धर्मभगिनी तेथे सेवा करतात. पुढे गोव्यात व दिल्लीतही तिच्या शाखा निघाल्या.

परळच्या आसपास अन्नसेवेची आणखी एक परंपरा उभी राहिली आहे. दूरदूरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या रुग्णांना दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत उपचारांसाठी आलेल्या मुलांची कुटुंबे राहतात. तेथे त्यांना शिधा मिळतो आणि प्रत्येक आईला स्वतःच्या हाताने आपल्या मुलासाठी रांधता येते. २०१३ साली मुंबईत सुरू झालेली कडल्स ही संस्था कर्करोगग्रस्त मुलांच्या पोषणासाठीच काम करते. मुलाच्या औषधाइतकेच महत्त्व त्याच्या ताटाला आहे, हे मान्य व्हायला किती काळ लागला, ते या तारखाच सांगतात.

नियम आणि दया

रुग्णाच्या तोंडाची अडचण ख्रिस्तसभेनेही टप्प्याटप्प्याने ओळखली. एके काळी ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याला मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही वर्ज्य होता. पोप बारावे पायस यांनी १९५३ साली पाण्याला मुभा दिली आणि आजाऱ्यांना औषध व मद्यविरहित पेये घेण्याची सवलत दिली. १९६४ साली उपवासाचा अवधी एका तासावर आला. १९७३ साली आजाऱ्यांसाठी तो पाव तास झाला. १९८३ च्या कायदेसंहितेतील ९१९ व्या कलमाने वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना या तासाच्या बंधनातून मोकळे केले. ९२५ वे कलम आणखी पुढे जाते: गरज असेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद देता येतो. ज्याला कोरडा घास गिळता येत नाही, त्याच्या घरच्यांनी हे धर्मगुरूंना संकोच न बाळगता सांगावे. तोंड सोलवटलेल्या रुग्णाने प्रायश्चित्त काळातील उपवासाची चिंता करण्याचेही कारण नाही. आजारी माणसाला तो बंधनकारक नाही.

अखेरच्या दिवसांत नळीचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा सुज्ञ कुटुंबेही गोंधळतात. अन्नपाणी ही मूलभूत शुश्रूषा आहे आणि तिच्यापासून रुग्णाला वंचित करू नये, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. त्याचबरोबर, शरीर जेव्हा अन्न पचवू शकत नाही किंवा ते देण्याने केवळ त्रासच वाढतो, तेव्हा ते थांबवणे म्हणजे मृत्यू घडवणे नव्हे, असेही व्हॅटिकनच्या २०२० सालच्या 'समारितानुस बोनुस' या पत्रात स्पष्ट केले आहे. अशा वेळी ओठ ओले ठेवणे, तोंड स्वच्छ करणे, हात हातात घेणे हीदेखील शुश्रूषाच असते.

थेरेसे हेलरपासून आजवरच्या या वाटचालीतून आम्हांस जो बोध होतो तो साधा आहे. जेव्हा जेव्हा कोणी रुग्णाला विचारले, तेव्हा तेव्हा उपाय निघाला. आणि जोवर विचारले नाही, तोवर रुग्णाने सोसले. म्हणून घरात एक लहानशी वही ठेवावी. आठवड्याचे वजन, ओकारी किती वेळा झाली, तोंड कधी आले, पोट साफ झाले का, काय गिळता येते आणि काय येत नाही, हे तीत लिहावे आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ती उघडावी. दवाखान्यातल्या त्या पाच मिनिटांत रुग्ण 'ठीक आहे' म्हणून मोकळा होतो. वही मात्र खरे बोलते. ताप चढला, पाणीही पोटात ठरेनासे झाले किंवा लघवी कमी झाली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये.

आणि स्वयंपाकघरात? मोठे ताट वाढून समोर ठेवण्यापेक्षा लहान वाटी, दोन-दोन तासांनी. तोंड आलेले असेल तर तिखट, आंबट आणि गरम टाळून मऊ, निवलेले अन्न. वासाने मळमळत असेल तर फोडणी रुग्णापासून दूर. भूक सकाळी चांगली लागत असेल तर दिवसाचे मुख्य जेवण सकाळीच. घड्याळ आपल्या सोयीचे नसून त्याच्या सोयीचे असावे. त्याने नको म्हटले, तर वाटी न रागावता उचलावी आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारावे. न जेवताही त्याला जेवणाच्या मेजाशी सर्वांबरोबर बसवावे. कुटुंबाच्या पंगतीतील त्याची जागा त्याने किती घास खाल्ले यावर ठरत नाही, एवढी खात्री त्याला त्या घरात वाटली पाहिजे.